तिसरं बटण

आवडीताई कोणाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायची नाही. मान जराशी उजवीकडे वळवायची, नजर समोरच्याच्या कानावरून पलीकडे लावायची आणि मग उत्तर द्यायची. आमच्या ऑफिसात या तोऱ्यावरून तिला सगळेच नावं ठेवायचे, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे. 'पोशीरच्या राणीसरकार' हे नाव मीच पाडलेलं. तो तोरा नव्हताच, हे कळलं तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. म्हणून हे लिहायला मीच बसलो आहे. दुसऱ्या कोणी लिहिलं तर तो मला सांभाळून घेईल.

खरी गोष्ट अशी होती की तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. समोर माणूस उभा असेल तर त्याचे खांदे दिसत, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. चालणं, पायऱ्या उतरणं, रस्ता ओलांडणं जमायचं, कारण त्याला कडेची नजर पुरते. बारीक अक्षर मात्र पार गेलं होतं. यावर चष्मा नाही, असं पनवेलच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. हे तिच्या नवऱ्याला, संतोषरावांना माहीत होतं, आणि मुलीला, आरोहीला. घराबाहेर कोणाला कळलं असतं तर तिची खुर्ची गेली असती, आणि ती खुर्ची तिला जिवापलीकडे होती.

झाकीरभाई सरखोत यांचा कर्जतमध्ये केबलचा धंदा. लग्न होऊन कडावला आल्यावर आवडीताई त्यांच्याकडे तक्रारींचा फोन घ्यायला लागली. फोन घेता घेता कुठली तार कुठल्या आळीत जाते हे तिला तोंडपाठ झालं. पुढे केबलचा धंदा बसत गेला, तेव्हा झाकीरभाईंनी एक जुना टेंपो घेतला आणि त्यात लाइव्हची गाडी बांधली. कबड्डी, जत्रा, शाळांची संमेलनं, काय वाटेल ते आम्ही लोकांच्या मोबाईलवर आणि मैदानातल्या मोठ्या पडद्यावर थेट दाखवतो. मी त्या गाडीचा इंजिनिअर. म्हणजे डिप्लोमा आहे माझा, आणि तो मी त्या काळात दिवसातून एकदा तरी कोणाला तरी ऐकवायचोच.

गाडीच्या पोटात एक राउटर आहे. घरातला इंटरनेटचा डबा नव्हे, हा वेगळा. सगळ्या कॅमेऱ्यांच्या तारा याच्या पाठीत येऊन घुसतात आणि कुठलं चित्र कुठे जाणार हे त्याच्या पॅनलवरून ठरतं. पॅनल म्हणजे हातभर लांबीची पट्टी, तिच्यावर बटणांच्या दोन ओळी. खालची ओळ 'कुठे' याची: लोकांचे मोबाईल, मैदानातला पडदा, आणि रिप्लेचं मशीन, जे त्याच्याकडे धाडलेलं एकच चित्र साठवतं. वरची ओळ 'कुठून' याची: सहा कॅमेरे. आधी खालचं बटण, मग वरचं. काम दोन बोटांचं आहे, पण चढाई चालू असताना ते दर चार-पाच सेकंदांनी करावं लागतं. त्या पॅनलसमोरच्या खुर्चीत आवडीताई नऊ वर्षं बसली.

आमच्या कॅमेऱ्यांना आकडे पडले ते आम्ही ज्या क्रमाने विकत घेतले त्या क्रमाने. तीन नंबरचा कॅमेरा प्रेक्षकांच्या स्टँडवर असतो. सहावा सगळ्यांत उशिरा आला, तो मैदानाच्या मध्यरेषेवर. आकड्यांप्रमाणे बटणं लावली की प्रेक्षक मध्ये आणि मध्यरेषा टोकाला. ताईने हे पहिल्या महिन्यातच मोडून काढलं होतं. तेव्हा तिचे डोळे चांगले होते. "रेषा मैदानाच्या मधी हाय ना? मग बटण टोकाला कशाला?" असं म्हणून तिने त्या दोघांच्या तारा आणि बटणांच्या टोप्या आपसात बदलायला लावल्या. तेव्हापासून ओळ अशी: एक, दोन, सहा, चार, पाच, तीन. पहिली दोन बटणं मैदानाची डावी बाजू, तिसरं मध्यरेषा, पुढची दोन उजवी बाजू, आणि शेवटी प्रेक्षक. "ते काय, कडंलाच बसल्यात," असं तिचं म्हणणं.

मैदान जसं पसरलेलं, तशीच बोटांखाली बटणं. नजर गेली तशी हीच ओळ तिला पुरून उरली. अंगठा पॅनलच्या डाव्या कडेला टेकवायची आणि बाकीची बोटं आपापल्या जागी सोडायची. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवरचे रंग आणि हालचाल तिला कडेने कळायची. झाकीरभाई शेजारी बसून "चार दे, एक दे" असं सांगायचे आणि तोंडातून आकडा पुरता निघायच्या आत चित्र बदललेलं असायचं. तिला कधी चुकताना मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला रागच यायचा.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुपारी कर्जतला जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे गाडीची पूजा असते. सगळी यंत्रं पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे. ताईच्या घरी घट बसलेले, म्हणून ती सकाळीच निघाली. निघताना मला म्हणाली, "नवनाथ, पॅनलला नुसतं फडकं मार हां. बटणं काढू नको."

मला ते लागलं. डिप्लोमावाल्याला फडकं कसं मारायचं ते फोनवाली बाई शिकवणार! बटणांच्या टोप्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या, आत आकड्याची कागदी चिठ्ठी. वर्षभराचा मळ आणि गेल्या दसऱ्याचं कुंकू त्यांच्या फटींत बसलेलं होतं. मी सगळ्या टोप्या उपसल्या, साबणाच्या पाण्यात घातल्या, वाळवल्या, चिठ्ठ्या नव्या लिहिल्या आणि परत बसवल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. माणूस आकडे लावतो तसे. ओळ उलटसुलट असते हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी ते डोक्यात आलंच नाही. काम झाल्यावर मी पॅनलचा फोटोसुद्धा काढला, इतकं ते नीटनेटकं दिसत होतं.

म्हणजे झालं काय, ते नीट सांगतो. आत तारा ताईच्या क्रमाने होत्या आणि वर आकडे माझ्या क्रमाने. तिसऱ्या बटणावर 'तीन' लिहिलेलं, पण ते दाबलं की मध्यरेषा यायची. शेवटच्यावर 'सहा' लिहिलेलं, पण ते दाबलं की प्रेक्षक.

दसऱ्याच्या दुपारी ताई येऊन बसली. नेहमीप्रमाणे एकेक बटण दाबून सगळी चित्रं तपासली. ती जागेवरून तपासत होती, आकड्यावरून नाही, त्यामुळे तिला सगळं ठीकच दिसलं. मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. अंतिम सामना पोशीर आणि खालापूरकडचा एक संघ यांच्यात. पोशीर म्हणजे ताईचं माहेर. झाकीरभाई थट्टेने म्हणाले, "ताई, आज पक्षपात नको हां." ती म्हणाली, "मला माझी बटणं बरी. कोण का जिंकंना."

पहिल्या हाफमध्ये एक रिव्ह्यू झाला. रिप्लेवर मध्यरेषा अगदी स्वच्छ आली, पंचांनी निर्णय दिला, खेळ पुढे गेला. मग कोणी तरी पाहुणे आले आणि स्टँडमध्ये बसले. त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवायची झाकीरभाईंना घाई झाली. ताईचे हात चढाईत गुंतलेले, म्हणून त्यांनी स्वतःच मागून हात घातला, 'पडदा' दाबलं, 'तीन' वाचून तीन दाबलं. पडद्यावर पाहुण्यांच्या जागी खेळाडूंचे मातीने भरलेले पाय आले.

"झाकीरभाय, मधी हात घालू नका म्हणून कितीदा सांगितलं," ताई कुरकुरली आणि तिने शेवटचं बटण दाबून पडद्यावर पाहुणे आणले. तिला वाटलं, यांचंच बोट चुकलं. झाकीरभाईंना मात्र ते पटलं नाही. मध्यंतराची शिट्टी होताच ते खाली उतरून माझ्याकडे आले.

"तिनावर रेषा येतेय. तारा उलट्या खोचल्यास काय रे? पाच मिनिटं आहेत, बघ आधी."

मी गाडीचं मागचं दार उघडलं. राउटरच्या पाठीत सगळ्या तारा जिथल्या तिथे. मग फटीतून पुढे पॅनलकडे पाहिलं, तर एक ते सहा सरळ ओळ. ताईने नको म्हटलेलं मी केलं होतं, आणि जिल्ह्याच्या फायनलला.

टोप्या बदलायच्या तर पुढे जावं लागणार. पुढे ताई बसलेली, शेजारी झाकीरभाई येऊन टेकलेले. दोघांच्या देखत चिमट्याने टोप्या उपसायच्या म्हणजे कबुलीच देणं होतं. मागे मात्र कोणी नव्हतं. तार पाव फेरा फिरवली की निघते. मी तिसरी आणि सहावी काढली आणि एकमेकींच्या जागी खोचली. आता तिनावर तीन, सहावर सहा. वाचणाऱ्याला कुठे अडचण नाही. दार लावलं आणि झाकीरभाईंना अंगठा दाखवला. ताईला काही सांगितलं नाही. सांगायचं काय? आकडे आता खरे बोलत होते.

पण थांबा. पहिल्या हाफमधल्या रिव्ह्यूला रेषा बरोबर कशी आली होती? ताईने सहा वाचून बटण दाबलं असतं तर प्रेक्षक आले असते. हा प्रश्न मला तिथेच, हातात तार असताना पडला होता. पडलाच नव्हता असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मी तो बाजूला सारला, कारण त्याचं उत्तर शोधायला तिला विचारावं लागलं असतं.

दुसरा हाफ अटीतटीचा झाला. मध्यरेषेचा कॅमेरा आम्ही एरवी दाखवत नाही, त्यात नुसते पाय दिसतात. तो रिप्लेपुरता. प्रेक्षक दाखवायला तर कोणाला फुरसतच नव्हती. त्यामुळे एकोणीस मिनिटं तिसऱ्या आणि सहाव्या बटणाला कोणी हात लावला नाही. मी दारात उभा होतो आणि माझं लक्ष सामन्याकडे नव्हतं, ताईच्या उजव्या हाताकडे होतं. अजून वेळ होता. एक पाऊल आत टाकून कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी ते पाऊल टाकलं नाही.

शेवटच्या मिनिटाला खालापूर एकतीस, पोशीर तीस. पोशीरचा साईराज शेवटच्या चढाईला गेला. झाकीरभाई ओरडले, "रिप्लेला रेषा दे, रेषा!"

ताईच्या डाव्या हाताने 'रिप्ले' दाबलं आणि उजव्या हाताचं बोट तिसऱ्या बटणावर गेलं. मला ते स्पष्ट दिसलं. बटणावर ढळढळीत 'तीन' लिहिलेलं होतं आणि ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. रिप्लेचा मॉनिटर तळहाताएवढा, वरच्या कोपऱ्यात. तिकडे झाकीरभाईंचं लक्ष नाही, कोणाचंच नाही. मी तोंड उघडलं, पण मैदानातून असा आवाज उठला की माझं मलाही ऐकू आलं नाही.

साईराजने दोन गडी टिपले आणि परत फिरला. पाच जणांनी त्याला रेषेपाशी आडवा केला. त्याचा हात लांबला. रेषेपलीकडे पोचला की बोटभर अलीकडे राहिला? पंचांनी पोशीरला दोन गुण दिले. पोशीर बत्तीस, खालापूर एकतीस. खालापूरच्या कप्तानाने लगेच रिव्ह्यू मागितला.

मोठ्या पडद्यावर रिप्ले लागला. त्यात स्टँड दिसला. एक बाई पदराने वारा घेत होती, एक म्हातारा वडापाव खात होता. पहिल्यांदा लोक हसले. मग पुन्हा तेच दिसलं आणि हसणं थांबलं. मोबाईलवर गेलेल्या, लांबून घेतलेल्या चित्रांत पाठींच्या ढिगाखाली हात कुठे आहे ते कळत नव्हतं. पंचांनी निर्णय कायम ठेवला. खालापूरच्या बाजूने कोणी तरी ओरडलं, "गाडीतली बाई पोशीरची हाय!" आणि माणसं टेंपोकडे यायला लागली.

गाडीच्या पत्र्यावर हात पडू लागले. झाकीरभाई लोकांकडे तोंड करून दारात आडवे उभे राहिले; त्या गोंगाटात आतलं त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. ताईने कानावरचा हेडफोन उतरवला आणि मान तिरकी करून माझ्याकडे वळली.

"नवनाथ, तारा हलवल्यास का रं?"

"नाय ताई."

"खरं सांग. मी रागवायची नाय. रेषेची तार तिसऱ्यावर हाय का नाय?"

"जिथल्या तिथं हाय सगळं."

"देवाशप्पथ?"

"देवाशप्पथ," मी म्हणालो.

तिने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बोटं चाचपून पाहिली. मग उठली, झाकीरभाईंना बाजूला व्हायला सांगितलं आणि खाली उतरली.

समोर भिवाजीअण्णा होते, खालापूरच्या संघाचे व्यवस्थापक. स्वतः जुने खेळाडू, दोन्ही गुडघे गेलेले, पण शब्दाला मान असलेला माणूस. त्यांनी हात वर करून लोकांना थांबवलं.

"बाय, तू पोशीरची. खरं का खोटं?"

"खरं."

"आमच्या पोरांनी वर्सभर घाम गाळलाय. आमाला एकच सांग, ती रेषेची फिल्म कुठं गेली?"

"ती घेतलीच गेली नाय अण्णा. बटण माझ्या बोटानं चुकलं. मुद्दाम नाय केलं. मला त्या बटणावरचा आकडा दिसत नाय. तीन वर्सं झाली. मी अंदाजानं दाबते. आज अंदाज चुकला."

"नाटक हाय!" मागून कोणी तरी म्हणालं. "एवढ्या वर्सांत कोणाला कळलं नाय का?"

भिवाजीअण्णांनी खिशातलं स्पर्धेचं पत्रक काढलं, घडी उलगडली आणि तिच्या हातात दिलं. "वाच."

तिने ते जवळ धरलं. मग लांब धरलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, कुठल्या कडेने काही पकडता येतंय का ते बघत राहिली. दोन-अडीचशे माणसं उभी होती आणि ढोलही थांबला होता. शेवटी ती म्हणाली, "अक्षरं नाय लागत. वरती हे गोल दिसतंय ते गणपतीचं चित्र हाय ना?"

ते मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो होता. कोणी हसलं नाही. भिवाजीअण्णांनी पत्रक तिच्या हातून हलकेच काढून घेतलं, घडी घातली आणि म्हणाले, "चला रं. इथं काय नाय आपलं." माणसं पांगली.

मी तिथेच होतो, तिच्यापासून चार हातांवर. 'मध्यंतरात मी तारा बदलल्या.' एवढे चार शब्द बोललो असतो तर लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या, एखादी थोबाडीतही बसली असती, पण तिला कोणी पत्रक वाचायला लावलं नसतं. तिची नजर झाकलेली राहिली असती. मी ते चार शब्द गिळले. तारा खोचताना निदान घाई होती. इथे तर घाईही नव्हती, नुसता भित्रेपणा.

झाकीरभाई वाईट माणूस नाही. त्यांनी तिला स्वतःच्या गाडीतून कडावला सोडलं. वाटेत एवढंच म्हणाले म्हणे, "आधी सांगायचं होतं ताई." नंतर त्यांनी तिला परत फोनवर बसायला बोलावलं, पण ती आली नाही. त्या संध्याकाळी गाडी रिकामी झाल्यावर मी तारा पहिल्या जागी लावल्या आणि टोप्याही ताईच्या क्रमाने बसवल्या. कोणाला काही दिसू नये म्हणून. मध्यंतरात मी बिघडलेलं सरळच केलं, अशीच झाकीरभाईंची समजूत होती. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "नवनाथ, आता पॅनलवर तूच बस."

मी बसलो. सुरुवातीला आकडे वाचून दाबायचो आणि दर वेळी अर्धा सेकंद मागे पडायचो. दोन महिन्यांत वाचणं सुटलं. मैदान जिकडे, बोट तिकडे जायला लागलं. फेब्रुवारीत एका सामन्यात रिव्ह्यू आला आणि झाकीरभाईंनी रेषा म्हणायच्या आत माझं बोट तिसऱ्यावर होतं. बटणाकडे मी पाहिलंही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या निर्णयाला, आणि मी माझ्या बोटाकडे बघत राहिलो. दोन महिन्यांच्या सवयीने माझं बोट चुकत नाही, मग नऊ वर्षांच्या सवयीने तिचं कसं चुकेल? हे तिला एवढ्या दिवसांत किती वेळा वाटलं असेल, आणि दर वेळी माझी देवाशप्पथ आडवी आली असेल.

पुढच्या रविवारी मी कडावला गेलो. संतोषराव ओटीवर दोर वळत बसले होते. ताई आत भिंतीला टेकून होती, आरोही ओट्यापाशी काही तरी करत होती. ताई वाळली होती. माझा आवाज ऐकून तिने मान वळवली आणि म्हणाली, "नवनाथ का? ये, बस. गाडी कशी हाय?"

मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टोप्या, साबणाचं पाणी, मध्यंतर, मागचं दार, दोन तारा. माझा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता. संतोषरावांचे हात थांबले. शेवटी मी म्हणालो, "झाकीरभाईंना पण सांगतो. आजच सांगतो. मला माफ कर ताई."

माफीचं तिने ऐकलंच नाही.

"म्हंजे मी तिसरंच दाबलं होतं?"

"हो."

"माझं बोट तिसऱ्यावरच होतं?"

"हो ताई. मी डोळ्यांनी बघितलं."

"परत सांग."

"तुझं बोट बरोबर होतं. तार चुकीची होती."

मग ती माझ्याशी नाही, समोरच्या हवेशी बोलल्यासारखी बोलायला लागली. "पाच महिने झाले. मी गॅस पेटवत नाय. म्हटलं, बोटांचा भरवसा राहिला नाय, घर जाळून बसायची. भाजी चिरत नाय. दळण आणायला एकटी जात नाय. ही पोरगी कॉलेज सोडून माझ्या मागं फिरते. रात्री पांघरूण ओढताना पण मी दोनदा चाचपते रं, की मी धरलंय ते पांघरूणच हाय का दुसरं काय." तिचा आवाज चढला. "डोळे गेले ते देवानं नेले. त्याला मी काय म्हणलं नाय. पण माझे हात शाबूत होते, ते तू नेलेस."

संतोषराव उठून उभे राहिले. मला वाटलं, आता मार बसणार, आणि तो बसावा असंच मला वाटत होतं. पण ते नुसते उभे राहिले. ताई भिंतीला हात न लावता उठली, ओट्यापाशी गेली आणि आरोहीला म्हणाली, "सर बाजूला. चहा मी टाकते."

आरोहीने आधी वडिलांकडे पाहिलं, मग ती सरली. ताईचा हात लायटरवर गेला, तिथून गॅसच्या बटणावर. पहिल्याच फटक्यात शेगडी पेटली. तिने पातेलं ठेवलं, पाणी घातलं, फळीवरून साखरेचा डबा काढला, शेजारचा चहापत्तीचा. कुठेही चाचपणं नाही. आरोही तोंडावर ओढणी धरून रडत होती आणि मी दारात उभा होतो. चहा उकळल्यावर ताईने कप मांडले, एकही थेंब बाहेर न सांडता गाळून भरले. एक संतोषरावांना दिला, एक आरोहीला, एक स्वतः घेऊन खाली बसली. चौथा कप तिने काढलाच नव्हता.